दोन बोटांचं माप

आमच्या गाडीतला आवाज सगळ्यात आधी आईने ऐकला. नंदनवन वस्तीतल्या आमच्या घरासमोरच स्पीडब्रेकर आहे आणि आई संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसते. त्यामुळे गल्लीत शिरणाऱ्या प्रत्येक वाहनाची नाडीपरीक्षा आपोआप होते. मी ऑफिसातून आलो, गाडी ब्रेकरवरून उतरली आणि कुठून तरी आवाज आला : ठक-ठक.

"काय वाजून राहिलं गा?"

"काही नाही. खडा लागला असन."

हे 'काही नाही' मला भोवणारच होतं. दोन वर्षांपूर्वी असाच एक आवाज मी 'काही नाही' म्हणून उडवून लावला होता आणि मग भर मे महिन्यात उमरेडच्या रस्त्यावर आईला एका पुलाच्या कठड्यावर तीन तास बसावं लागलं होतं. तिच्या कमरेचं दुखणं तेव्हापासूनचं, असं तिचं म्हणणं. त्याच्याही आधीचं, असं माझं. डॉक्टरांनी कोणाचीच बाजू घेतली नाही.

आता तिला परत उमरेडलाच जायचं होतं. तिथे तिची मोठी बहीण राहते. दरवर्षी कैऱ्या उतरल्या की दोघी मिळून लोणचं घालतात. मावशी आता फारशी उठत नाही. "यंदा घातलं तं घातलं," असं ती फोनवर म्हणाली होती, आणि फोन ठेवल्यावर आईने लगेच मिठाची बरणी घासून उन्हात ठेवली होती. म्हणून तिने मला मुदत दिली.

"रविवारपर्यंत गाडी गप झाली तं ठीक. नाही तं मी एसटीनं जाईन."

"एसटी काय कमी वाजते?"

"एसटी सगळ्यायची वाजते. हे तुह्या एकट्याची वाजून राहिली."

त्या कमरेने एसटीतून गेली असती तर लोणचं राहिलं असतं बाजूला, दोघी बहिणी शेजारी-शेजारी पलंगावर पडून राहिल्या असत्या. मी कामाला लागलो.

मला गाडीतलं कळतं, असा एक समज आहे. तो माझाच आहे. गॅरेजमध्ये जाऊन मी मिस्त्रीला लक्षणं सांगितलीच नाहीत, थेट रोग सांगितला : "पुढचे लिंक रॉड गेले." चाकाजवळचे हे वीतभर दांडे ढिले झाले की खडखडतात, एवढं मी मोबाइलवर पाहिलं होतं.

"एक चक्कर मारून पाहू का, भाऊ?" मिस्त्रीने विचारलं.

"गरज नाही," मी म्हणालो.

गिऱ्हाईक एवढं ठाम असल्यावर मिस्त्री तरी काय करणार? त्याने दांडे बदलले. मी शीळ घालत गल्लीत शिरलो. ठक-ठक. आईने खुर्चीतूनच शेजारणीला एसटीची वेळ विचारली.

दुसऱ्या दिवशी मी आवाजाच्या जवळ जायचं ठरवलं. बायकोला गाडी चालवायला बसवलं आणि स्वतः मागे डिकीत आडवा झालो, तळाला कान लावून.

"अहो, कोणी विचारलं तं काय सांगू?"

"सांग, आवाज शोधून राहिले."

"त्यापेक्षा बिमार आहे म्हणून सांगते. लोकायले पटन तरी."

ब्रेकरवरून आम्ही सहा वेळा गेलो, सहा वेळा आलो. माझ्या पंच्याऐंशी किलोंचे हाल झाले, पण आवाज म्हणून नाही. एका स्कूटरवाल्याने काचेतून मला पाहिलं आणि बायकोजवळ जाऊन हळूच विचारलं, "ताई, दवाखान्यात चालल्या का?" शेवटच्या फेरीला आई खुर्चीतून ओरडली, "तू डिकीत असला का वाजत नाही बाप्पा! तिथंच बसत जा!"

हा किस्सा मी विनोद म्हणून मिस्त्रीला सांगितला. तो हसला नाही. "पुन्हा सांगा," म्हणाला. मग स्वतः रस्त्याच्या कडेला उभा राहिला आणि मला एकट्याला खड्ड्यावरून गाडी न्यायला लावली. ठक-ठक. मग तो डिकीत चढून बसला. आवाज बंद.

"मागं जड सामान भरलं होतं का एवढ्यात?"

"गहू. वर्षाचा. कळमन्याच्या बाजारातून चार पोती."

तो बॅटरीचा उजेड मारत गाडीखाली शिरला. खालून आवाज आला, "भाऊ, हे रबर कोणं लावले?"

आता सांगावंच लागेल. सामान भरलं की आमची गाडी पहिल्यापासून ब्रेकरला थोडी घासते; त्या दिवशी गव्हाच्या वजनाने तर ती मागून इतकी बसली की प्रत्येक ब्रेकरला तिचं पोट घासत होतं. वाटेत एका दुकानात मागच्या स्प्रिंगच्या वेढ्यांत अडकवायचे रबर दिसले. ते घातले की स्प्रिंग दबत नाही. दुकानदाराने फटीचं माप विचारलं. मी रस्त्यावर गुडघे टेकले, फटीत बोटं घातली आणि अभिमानाने म्हणालो, "दोन बोटं." साबणाचं पाणी लावून रबर स्वतः बसवले, वरून नायलॉनची दोरी बांधली. घासणं थांबलं. घरी येऊन गहू कोठीत भरला आणि रबर विसरून गेलो.

"गहू भरून असताना माप घेतलं?" मिस्त्रीने विचारलं.

"हाव."

"अन् गहू आता कुठी आहे?"

"कोठीत."

गहू उतरल्यावर स्प्रिंग मोकळी झाली होती, फट तीन बोटांची झाली होती आणि माझे रबर तिच्यात बापाचे जोडे घातलेल्या पोरासारखे आपटत फिरत होते. मागे वजन बसलं की वेढे त्यांना धरायचे, आणि मग आवाज बंद. मिस्त्री पाठ फिरवून हात पुसत राहिला. बराच वेळ पुसले. खांदे हलत होते.

रविवारी सकाळी दोन्ही रबर आईसमोर ठेवले आणि सगळं सांगितलं. 'काही नाही' म्हणायची हिंमत राहिली नव्हती. तिने ते हातात घेऊन दाबून पाहिले.

"गव्हासाठीच आणले होते ना?"

"हो."

"मंग लाव गव्हाखाली. कोठी डुगडुगून राहिली कवाची."

लावले. कोठी अगदी स्थिर झाली. मग आई मिठाची बरणी मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसली. बायकोने डिकीत पिशव्या भरल्या, मावशीसाठी पाच किलो गहूही. मी हळूच ब्रेकरवर गाडी चढवली. ठक-ठक नाही. उतरताना मात्र खालून घासलं : घर्रर्र.

मी आरशात पाहिलं. आई डोळे मिटून ऐकत होती.

"हा जुना आहे," ती म्हणाली. "चाल."