शेजारच्या गावचं पाणी

विहिरीच्या कठड्याशी उभ्या कौसाबाईंनी हातातला मोबाइल उलटा करून आत धरला. "बघ बाबा, तूच बघ. कुठं हाय पाणी?" विहिरीत पाणी पुरेसं आहे, गहू पेरा, असा सल्ला त्यांना याच मोबाइलवर आला होता. आता गहू ओंबीवर आलाय आणि विहिरीचा तळ दिसतोय.

सल्ला देणाऱ्या यंत्राला दोष कसा देऊ? त्याला आकडा मी पुरवला होता. दर महिन्याला या विहिरीची पातळी मोजणं हे माझं काम. पेरणीआधी शेजारच्या गावाहून इथवर यायला जीप मिळाली नाही, म्हणून मी तिथलाच आकडा या विहिरीच्या नावावर उतरवला. आमच्या भूजल खात्यात रकाना रिकामा राहिला की नोटीस येते, खोटा भरला की शाबासकी मिळते. त्या शाबासकीची मला चीड येते. ती मी हसत घेतली, याची जास्त.

मी कौसाबाईंना सगळं खरं सांगितलं.

"जीप नव्हती व्हय?" त्या म्हणाल्या. "त्या गावापासनं दोन कोस तर हाय, सायेब. माझी म्हैस येती की चालत. तवा आला असता, तर कमी पाण्यावरचा हरभरा पेरला असता म्या."

मी खाली मान घालून विहिरीत टेप सोडला. तो दगडावर वाजला.