खंडेनवमीचं कुंकू

आमची मंडळी भांडायला कधी भ्याली नाही. रुसायला मात्र तिला वेळ नसायचा. नगरच्या एमआयडीसीत पंख्याच्या मोटरीला तार गुंडाळायच्या कारखान्यात ती हेल्पर होती, पण बाया तिला फोरमनबाई म्हणायच्या. मीही तेच म्हणायचो. माझा टेम्पो तिथंच माल वाहायला होता, म्हणून पाहिलेलं सांगतो.

मालक बदलला. नव्यानं आपोआप तार गुंडाळणारं मशीन आणलं. दिवाळीनंतर हातकाम बंद, मशीन जमेल तीच राहील, असं सांगितलं. बायांनी ठरवलं, त्याला हात लावायचा नाही. फोरमनबाई म्हणाली, "शिव्या मीबी लई देते. पन शिव्या संपल्यावर काय करायचं, ते बोला." त्या दिवसापासून डबा खायला तिच्याशेजारी कुणी बसेना. ती एकटी खायची, पण पोटभर.

खंडेनवमीला आम्ही कामाच्या हत्यारांची पूजा करतो. बायांनी तार गुंडाळायच्या आपापल्या जुन्या चाकाला झेंडू वाहिला. नव्या मशीनकडं कुणी बघेना. ही उठली आणि त्याच्या काळ्या काचेवर ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट ओढलं. नव्या मालकसाहेबांनी नारळ फोडून बटण दाबलं, तर मशीन हलेना. ती काच म्हणजे मशीनचा डोळा, सेन्सर होता; तो झाकला की मशीन थांबतं. मी दाराशी खोकी उतरवत होतो.

"मशीनच्या डोळ्यावर कुंकू कुणी लावलं? मुद्दाम बंद पाडलं असेल तर आजच घरी!" साहेब ओरडले.

"मी लावलं," ही पुढं झाली. "पूजा केली, साहेब. त्याचा डोळा तिथं हाय, हे कुनी सांगितलं हुतं? पुसते. पन आता त्याचे हातपाय बी दाखवा."

"आली मोठी सायबाची लाडकी!" मागून बायांमधली शांता म्हणाली.

"तूबी ये की लाडकी व्हायला," ही मागं न बघताच बोलली.

साहेबांनी खिशातला रुमाल तिच्यापुढं धरला. मग म्हणाले, "या इकडं." ही गेली. जरा वेळानं शांताही तिच्यामागं जाऊन उभी राहिली. मग आणखी दोघी.

यंदा उन्हाळ्यात फोरमनबाई गेली. दहाव्याला सकाळी शांता आली, दुसऱ्या पाळीच्या बायांना घेऊन.

"बाकीच्या न्हाई आल्या?" मी विचारलं.

"मशीनवर हायेत, दाजी."

"मग बरं हाय," म्हणालो, आणि तेव्हा कुठं मला रडू आलं.