थांब म्हटल्यावर ती थांबली

आमच्या कुत्रीला शिकवायला यायचे ते गृहस्थ पोलिसांच्या श्वानपथकातून निवृत्त झालेले होते. पेठ वडगावला राहायचे आणि दर रविवारी सकाळी मोटारसायकलवरून आमच्याकडे राजारामपुरीत यायचे. कुत्री गावठी होती. गटारीच्या कडेला सापडलेलं पिल्लू मुलीनं घरी आणलं आणि वर्षाच्या आत ती स्वतः नोकरीसाठी पुण्याला गेली. मागे उरलो मी, बायको आणि जिन्यातून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकावर तुटून पडणारी ही कुत्री. सगळ्यात जास्त भुंकायची ती तळमजल्यावरच्या मामांवर.

मामा एसटीतले निवृत्त ड्रायव्हर. सगळी बिल्डिंग त्यांना मामाच म्हणायची. पत्नी वारलेली, मुलगा इचलकरंजीला, त्यामुळे एकटेच असायचे. लहानपणी कुत्रं चावल्यामुळे त्यांनी पोटात चौदा इंजेक्शनं घेतली होती, आणि ती भीती सत्तरीतही गेलेली नव्हती. सोसायटीच्या मीटिंगमध्ये त्यांनी दोनदा आमची तक्रार केली. दुसऱ्या वेळी मी उलट बोललो, तेव्हापासून आमचं बोलणं बंद होतं.

पहिल्या रविवारी त्या गृहस्थांनी कुत्रीला हातही लावला नाही. तासभर आमच्या हॉलमध्ये बसून नुसते बघत राहिले. मी तिला ‘खाली बस’ म्हणायचो, बायको ‘बैस गं’ म्हणायची आणि मुलगी फोनवरून ‘सिट’ म्हणायची.

“एका घरात तीन भाषा चालल्यात सर,” ते म्हणाले. “त्या मुक्या जनावरानं कुणाचं ऐकायचं?”

मी गणिताचे क्लास घ्यायचो. वर्गात माझा दरारा होता. त्यांचं बोलणं मला लागलं, पण खरं होतं. त्यांनी तीन शब्द ठरवून दिले: बस, थांब, ये. मग विचारलं, ती जास्त कुणावर भुंकते? मामांवर, असं सांगितल्यावर म्हणाले, पुढच्या रविवारी त्यांनाच बोलवा.

मला जायची लाज वाटली. बायको गेली. तिनं काय सांगितलं कोण जाणे, पण मामा आले. बिल्डिंगमागच्या मैदानाच्या पार टोकाला उभे राहिले. त्यांनी कुत्रीकडे बघायचंच नाही, फक्त भाकरीचा तुकडा टाकायचा आणि पुढे चालायचं, एवढंच काम होतं. तीन रविवार हेच चाललं. चौथ्या रविवारी ती त्यांच्या पायाशी जाऊन उभी राहिली. मामा जागचे हलले नाहीत. बऱ्याच वेळानं दबक्या आवाजात म्हणाले, “बस.” ती बसली. मामांनी आमच्याकडे पाहिलं आणि धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

त्यानंतर बिल्डिंगचं वागणंच बदललं. पहिल्या मजल्यावरच्या, वर्षानुवर्षं दार लावून बसणाऱ्या बाई तिच्यासाठी पाणी ठेवू लागल्या. पोरं तिला घाबरेनाशी झाली. संध्याकाळी जिन्याखालच्या कट्ट्यावर चार माणसं बसू लागली. मामा तर रोज सकाळी सहाला आमची बेल वाजवायचे. ते आणि कुत्री मिळून दोन-तीन गल्ल्या फिरून यायची. परत आल्यावर मामा आमच्याकडे चहा घ्यायचे आणि आज तिनं काय काय केलं ते बायकोला सविस्तर सांगायचे.

मग एका संध्याकाळी गेटपाशी तिचा पट्टा माझ्या हातून सुटला आणि ती रस्त्याकडे धावली. मी “ये” म्हणून ओरडलो. तिनं वळून पाहिलं, आणि माझ्याऐवजी कट्ट्यावर बसलेल्या मामांकडे गेली. सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, सर, तुमची विद्यार्थिनी दुसऱ्या क्लासला लागली. मीही हसलो. रात्री जेवताना मात्र बायकोशी विनाकारण भांडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली, तेव्हा मी दार अर्धंच उघडलं आणि कुत्रीच्या पायाला लागलंय, काही दिवस फिरायला नको, असं सांगितलं. मामा खाली वाकून आत बघू लागले. मी दार लोटलं. दुपारी ते वाटीत हळद आणि तेल गरम करून घेऊन आले. मग रोज जिन्यात विचारायचे, “पाय बरा हाय न्हवं तिचा?” मी मान हलवायचो. बायको मला म्हणाली, हे बरं नाही. मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

तिला फिरवायला मी पलीकडच्या, लांबच्या गल्लीत नेत असे. आठवड्याभरानं तिथेच मामा समोरून आले. हातात औषधांची पिशवी होती. चांगली चारही पायांवर चालणारी कुत्री त्यांनी पाहिली. तिनंही त्यांना पाहिलं आणि सगळ्या अंगानं ओढ घेतली. मी म्हणालो, “थांब.”

ती थांबली. शेपटी हलत होती, पण पाऊल पुढे पडलं नाही. इतकी चांगली शिकली होती ती. मामा क्षणभर उभे राहिले, मग रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं निघून गेले.

त्याच महिन्यात ते मुलाकडे इचलकरंजीला राहायला गेले. जाताना वर आले, बायकोला नमस्कार केला. मी क्लासला होतो. खरं सांगायचं तर क्लास सुटून अर्धा तास झाला होता. मी तिथंच रिकाम्या बाकावर बसून होतो.

वर्षभरानं मी एकदा तिकडे गेलो. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट, आणि त्यात मोठ्यानं बोलणारे मामा. “या पावणं, बसा,” म्हणाले. पूर्वी सर म्हणायचे. चहा झाला, मुलाची, हवापाण्याची चौकशी झाली. निघताना त्यांनी विचारलं, “तिला का न्हाय आणलं?” पुढच्या वेळी आणतो, असं मी म्हणालो. त्यानंतर दोन वर्षं क्लास, परीक्षा, असं काही ना काही सांगत मी ते टाळत राहिलो. खरं म्हणजे ती त्यांच्याकडे कशी धावेल, ते मला बघवलं नसतं.

मागच्या उन्हाळ्यात ती किडनीच्या आजारानं गेली. मी मामांना फोन केला. मागांच्या खडखडाटात ती गेल्याचं दोनदा सांगावं लागलं.

“शेवटाला जवळ कोण हुतं?” त्यांनी विचारलं.

मी होतो, म्हणालो.

“बरं झालं,” ते म्हणाले. “एकटी न्हवती.”

तिचा पाय कधीच दुखावला नव्हता, हे मला त्यांना सांगायचं होतं. तेवढ्यासाठीच तर फोन हातात घेतला होता. त्यांनी बायकोची तब्येत विचारली, ती बरी आहे असं मी सांगितलं, आणि त्यांनी फोन ठेवला.