गोदाचं पांढरं गाठोडं

गोदा गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं. धर्मापुरीहून तिची भाची यमुना बीडला आमच्या घरी आली, दारातच म्हणाली, "मावशी, आत्या गेली," आणि पदराखालचं पांढरं गाठोडं तिनं माझ्या हातात दिलं. ते मी लगेच ओळखलं. पोरीला पाणी विचारायचंही मला सुचलं नाही...

गोदा आणि मी बीडच्या जनाना दवाखान्यात सुईणीचं काम बरोबरच शिकलो. नवऱ्यानं टाकल्यावर ती भावाकडे राहत होती. भावानं शिकायला पाठवलं खरं, पण बजावूनच. "औषधपाणी कर, पट्ट्या बांध. पण लोकांच्या घरी नाळ कापायचं हलकं काम केलंस, तर माझा उंबरा चढू नको." शिक्षण संपत आलं तशा डॉक्टरीणबाई दर शुक्रवारी, म्हणजे निजामाच्या राज्यातल्या सुट्टीच्या दिवशी, आम्हाला विचारायच्या, पुढं नोकरी करणार का? मी ताडकन म्हणायचे, "करणार!" गोदा पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणायची, "अजून सांगता येत न्हाई, बाई. लई भ्या वाटतं." मला तिची कीव यायची. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे तेव्हा मला कोणी ऐकवलं असतं तर मी भांडायला उठले असते.

एकदा सिरसाळ्याहून गाडी आली. बाई अडली होती. डॉक्टरीणबाई तापानं पडून होत्या, म्हणून आम्हा दोघींनाच जावं लागलं. घरात शिरतो तर गाठी सोडायची एकच धांदल. बाई अडली की घरातली गाठ न् गाठ सोडायची, ही आपली रीत. पेट्यांची कुलुपं उघडली, बायकांनी केस मोकळे सोडले, गोठ्यातल्या वासराचं दावंसुद्धा सोडलं. ते अंगणभर उंडारत होतं. "पोरींनो, तुमी कावून बांधून बसल्या?" म्हातारी सासू ओरडली. आम्ही अंबाडे सोडले. आणि त्याच ओघात गोदानं पांढरं गाठोडंही सोडलं. आत उकळून ठेवलेला दोरा आणि कात्री होती. हात धुतल्याशिवाय ती गाठ सोडायची नाही, हे आम्हाला वर्षभर घोकवलं होतं. दोरा आणि कात्री, दोन्ही शेणानं सारवलेल्या भुईवर पडली.

बायका कुजबुजल्या. "पाणी आणते," म्हणून मी बाहेर पडले. मागून गोदाचा आवाज ऐकू आला, "चुकलं माझं. चूल पेटवा, पुन्हा उकळू. मावशी, तुमच्या गाठी सुटू द्या, माझी बांधलेली राहू द्या."

बाळ रडल्यावर मी आत गेले. तिनं नाळेला दोन गाठी मारल्या, मधे कापलं.

परतताना गाडीत तिनं गाठोडं मांडीवर घेतलं. मग म्हणाली, "सगुणे, मला वाटायचं भ्या गेलं की ठरवीन. ते काय जात न्हाई. मंग ठरवूनच टाकलं." पुढच्या शुक्रवारी तिनं बाईंना होकार दिला. मी शिवण शिकवायला लागले. वडील नको म्हणाले, असं सगळ्यांना सांगितलं. वडील काहीच म्हणाले नव्हते.

भावानं बोलल्याप्रमाणे दार बंद केलं. पुढं त्याचीच बायको अडली, तेव्हा तो स्वतः गोदाला न्यायला दवाखान्यात आला. गोदानं यमुनेची नाळ कापली, हात धुतले आणि उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. भाऊ दाराशी आला आणि म्हणाला, "आत ये, आक्का." आयुष्याची शेवटची वर्षं तिनं त्याच घरात काढली.

निघताना यमुना म्हणाली, "आत्या नेहमी सांगायची, सिरसाळ्याला तुमी पळत जाऊन पाणी आणलं, म्हणून निभावलं. गाठोडं तुमालाच द्यायचं म्हणाली."

ते आता माझ्या कोनाड्यात आहे. परवा साबणानं हात धुतले, गाठीपर्यंत नेले आणि मागे घेतले. गोदा इतकी वर्षं, माझ्या देखतसुद्धा, माझ्यासाठी खोटं बोलत राहिली, आणि मी ते बोलू दिलं. यमुने, त्या दिवशी बाळ रडेपर्यंत मी गोठ्यामागे उभी होते. ते पाणी मी आणलं नव्हतं.