दहापैकी दोन

वही पायरीवर ठेव, सर म्हणाले. मी ठेवली. सरांच्या बायकोने तांब्यात बोटं बुडवून तिच्यावर पाणी शिंपडलं. एकदा नाही, तीनदा. मग सरांनी वही उचलली. तोवर माझी शाई फुटलेली, सगळ्या गणितांचा चिखल. सरांनी वही लांब धरून आतल्या पोरांना दाखवली. "ह्याला गणित म्हणायचं की रांगोळी?" आत सतरंजीवर कल्याण-डोंबिवलीची सहा पोरं बसलेली. खो-खो हसली. मला मिळाले दहापैकी दोन.

हे डोंबिवलीत. स्वराज्य येऊन सात-आठ वर्षं झालेली. घटनेने अस्पृश्यता बंद केली होती म्हणे. दिल्लीत केली असेल.

आम्ही महार. बाप घाटावरून येऊन कल्याणच्या यार्डात सांधेवाला झालेला, गाड्यांचे रूळ बदलून द्यायचा; राहायला ठाकुर्लीची रेल्वे चाळ. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. सहामाहीत गणितात आपटलो, सरासरी अडतीस. वर्षअखेर पंचेचाळीसच्या वर गेली नाही तर शिष्यवृत्ती बंद, कॉलेज बंद, आणि मी यार्डात बापाच्या जोडीला. सरासरी वर काढायची एकच वाट होती. सर दर आठवड्याला दहा गणितं घालायचे, त्यांचे मार्क सरासरीत धरायचे. कॉलेज मुंबईला, पण सर डोंबिवलीचे, म्हणून इकडच्या पोरांनी रविवारी सकाळी वह्या त्यांच्या घरी नेऊन तपासून घ्यायच्या. बाकीच्यांनी आत जायचं. मी पायरीशी उभं राहायचं.

"मी स्वतः हे मानत नाही हं," सर गोड आवाजात म्हणायचे. "पण घरात देवधर्म आहे. समजून घे."

आणि मी समजून घेतलं! त्याचीच आज लाज वाटते. "सर, पाण्याने शाई फुटते," एवढं एकदा चाचरत बोललेलो. तर म्हणाले, "मग शाई बरी वापरावी." मी गाढव, खरंच शाई बदलली. टीपकागदाने टिपून टिपून लिहिलं. दुसऱ्या रविवारी पुन्हा दोन. तिसऱ्या रविवारी एक. चौथ्या रविवारी सर म्हणाले, "तुमच्या लोकांना गणित झेपायचं नाही रे. बापाच्या जागेवर चिकट, भलं होईल तुझं."

बापाचं नाव काढलं आणि माझं डोकं फिरलं. घरी आलो, जेवलो नाही. आईने विचारलं, "काय झालं रं?" काय नाही, म्हटलं. पण ह्या माणसाला सोडायचा नाही, हे पक्कं झालेलं.

यार्डातला बाबू वॅगनचे नंबर कॉपिंग पेन्सिलीने उतरवायचा. टोक जिभेला लावून लावून त्याची जीभ कायम जांभळी. ती पेन्सिल दिसायला साधी, करडी. ओली झाली की मात्र जांभळी होते, आणि तो रंग हाताला लागला की साबण घासा, राख घासा, आठवडाभर हलत नाही. बापाकडून तसला एक तुकडा मागून घेतला. दहाही गणितं लिहिली. दाबून, ठसठशीत.

पाचवा रविवार. वही पायरीवर. पाणी पडलं. आकडे जांभळे होऊन कागदात रुतले. सरांनी वही उचलली, अंगठा ओला करत पानं उलटली, कपाळाचा घाम पुसला, बोटं धोतराला पुसली. आतलं एक पोर फिस्सकन हसलं. तेव्हा कुठे सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"हे काय लावलंयस?"

"गणितं आहेत, सर. आज वाचता येतात?"

"चालता हो इथून!"

"मार्क घाला. मग जातो."

सरांची बायको आतून ओरडायला लागली. शेजारीपाजारी बाहेर आले. मी हललो नाही. पहिल्या गणितापासून उत्तरं मोठ्याने सांगायला लागलो, सगळ्या गल्लीला ऐकू जातील अशी. पाचव्या उत्तराला सरांनी पेन काढलं आणि दहापैकी दहा घातले. मी म्हटलं, "आता मागचे चार रविवार. चाळीसही गणितं तोंडपाठ आहेत. विचारा." त्यांनी दोन विचारली, मुद्दाम अवघड. दोन्ही तिथल्या तिथे सांगितली. मग म्हणाले, "आण." मागच्या वह्या मी पिशवीतून आणलेल्याच होत्या; त्या सरळ माझ्या हातातून घेतल्या, जुने मार्क खोडले, नवे घातले, खाली सह्या केल्या. कपाळावर हा एवढा जांभळा पट्टा. खोटं कशाला सांगू, तो पट्टा बघून माझं पोट भरलं.

वर्षअखेर सरासरी एकोणपन्नास झाली. शिष्यवृत्ती टिकली. आई म्हणाली, "सरांस्नी पेढं दे, पाया पड. त्येंच्यामुळं झालं न्हवं?"

"नाही पडणार," मी म्हटलं. "त्याने दिलं नाही आई, मी हिसकावलंय."

आई चुलीकडे वळली. माझी भीती वाटली असावी तिला. वाटू दे. एकोणपन्नासवर माझं भागणार नव्हतं. त्याच दिवशी ठरवलं, गणितातच बी.ए. करायचं, एम.ए. करायचं, आणि त्याच कॉलेजात, प्राध्यापकांच्या त्याच खोलीत त्याच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसायचं. रोज. तो निवृत्त होईपर्यंत रोज. शिपाई एकाच किटलीतून दोघांना चहा ओतेल. तो गोड आवाजात म्हणेल, झालं गेलं विसरून जा. मी विसरणार नाही. त्यालाही विसरू देणार नाही.