नाब्लूसमधली अर्धी दुपार

रामल्ला ते नाब्लूस टॅक्सी चालवण्यात नझमीची उमर गेली, पण नाब्लूस त्याने पाहिलं ते स्टँडपुरतंच. सवाऱ्या उतरवायच्या, चहा घशाखाली ओतायचा, नव्या सवाऱ्या भरून माघारी. गुडघ्यांनी दगा दिला तशी त्याने गाडी विकली. तेव्हा बायको रस्मिया म्हणाली, "आता एकदा मला घेऊन चला. सावकाश फिरू."

निघाले ते दुसऱ्याच्या टॅक्सीत, मागच्या सीटवर. नझमीला तिथे बसवेना. तपासणीच्या नाक्यावर सैनिकांनी गाड्या अडवल्या, तशी त्याने ड्रायव्हरच्या खांद्यावर टकटक केली. "गावातून काढ की."

"काका, तो रस्ता बंद केलाय त्यांनी. माती टाकलीय."

नझमी धुमसत बसला. नाब्लूसला पोचेपर्यंत दुपार झाली.

जुन्या शहराच्या गल्ल्यांत रस्मिया प्रत्येक दुकानापाशी थांबायची. झातरचा मसाला हुंगून बघ, कापड चुरगाळून बघ. नझमी पुढे जाऊन तिची वाट बघत उभा.

"चल ना."

"मागून कुणी हॉर्न वाजवतंय का तुम्हाला?"

हमामाच्या वाफेत शेकून घ्यावं, गुडघ्यांना बरं वाटेल, अशी त्याला आशा होती. दारावरची बाई म्हणाली, "आज बायकांचा दिवस आहे, चाचा." रस्मिया आत गेली आणि हा बाहेर पायरीवर कॉफी पीत बसला. ती गुलाबी होऊन बाहेर आली. त्याला त्याचाही राग आला.

आता एकच राहिलं होतं. तिचे वडील तरुणपणी इथल्या साबणाच्या कारखान्यात वड्यांचे उंच मनोरे रचायचे. तेवढं तिला बघायचं होतं. आधी कुनाफ्याची मिठाई खाऊ म्हणून ते बसले, आणि नझमीला जुन्या सोबत्याचा फोन आला. नाका बंद होणार, अशी बोलवा होती.

नझमी घास टाकून उठला. "ऊठ, निघू या."

"कारखाना त्या कोपऱ्यावर तर आहे. बघून येऊ."

"या रस्त्याचं तू मला सांगू नकोस."

रस्मियाने त्याच्याकडे पाहिलं, ओढणी सारखी केली आणि उठली.

नाका बंद झाला नाही. उघडाही नव्हता. गाड्यांची रांग डोंगराच्या वळणापलीकडे गेली होती आणि हलायचं नाव नव्हतं. लोक उतरून दगडांवर बसले, कुणी काकड्या वाटल्या. उन्हं जैतुनाच्या झाडांमागे उतरली.

"बसून राहायचंच होतं, तर तिथे बसलो असतो," रस्मिया शेवटी म्हणाली.

"मला काय ठाऊक."

"रोज जायचात की या रस्त्याने."

नझमी गुडघे चोळत राहिला. मग म्हणाला, "पुढच्या आठवड्यात परत येऊ. आधी कारखान्यातच जाऊ."

"मी बहिणीबरोबर जाईन," ती म्हणाली आणि काकडीचा अर्धा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला.