कोलोसियमची पायरी

काल वारज्याच्या घरी पाहुण्यांसाठी चिवडा परतत होते. फोडणीतल्या कढीपत्त्याचा वास सुटला आणि बाहेरून ह्यांचा आवाज आला, "कोलोसियममध्ये शिरलं की अंगावर काटा येतो."

हे आत शिरलेच नव्हते.

काही वर्षांपूर्वी हिंजवडीच्या कंपनीने ह्यांना युरोपात पाठवलं, तेव्हा मीही सोबत गेले होते. काटकसरीने दोन दिवस रोम पाहायचं ठरलं. तिकिटाच्या रांगेत हे म्हणाले, "आत काय, पडक्या भिंतीच ना? शनिवारवाड्यात काय कमी आहेत?" आणि पुण्याहून आणलेला चिवडा उघडून पायरीवर बसले.

"अहो, परत कधी येणार आहोत आपण?"

"बाहेरून दिसतंय की सगळं."

मी एकटीच आत गेले. उन्हाने तापलेल्या दगडावर हात टेकून उभी राहिले. जोडीजोडीने फिरणारी माणसं पाहून मला रडू आलं. परत आले तेव्हा शर्टावर शेव सांडून हे घोरत होते.

तेव्हा वाटलं होतं, माझी सहल वाया गेली. आता कळतं, सबंध संसारात तेवढा एकच तास मी एखादी गोष्ट शांतपणे पाहिली.